शनिवारीच सगळं कळतं, मग रविवारी बघायचं काय?

चौथी_रांग

माझ्याकडे एक वही आहे. 2010 च्या बहारीनच्या एफ-वन (फॉर्म्युला वन) मोटार शर्यतीपासून लिहिते. त्या वर्षी शर्यत चालू असताना इंधन भरायला बंदी आली. जो तो म्हणत होता, आता गाड्या पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागी) नाही, ट्रॅकवर एकमेकींना मागे टाकणार. म्हटलं, नोंद ठेवू. मजा काही आली नाही, वही तेवढी राहिली.

त्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात शनिवारी क्वालिफाइंग (सुटायचा क्रम ठरवणाऱ्या वेगाच्या फेऱ्या) संपलं की लिहायचं, उद्या कोण जिंकणार. दुसऱ्यात, कोण जिंकलं. तिसरा रकाना मुळात नव्हता, त्या पहिल्याच शर्यतीच्या मध्यावर पट्टी घेऊन आखला. त्याचं नाव ‘उठले’. म्हणजे कितव्या लॅपला (फेरीला) मी खुर्चीवरून उठून दुसऱ्या कामाला लागले. बहारीनसमोर 49 पैकी 21 लिहिलंय.

पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासते. रकाने जुळले की एरवी मला बरं वाटतं, इथे वाईट वाटतं. 2023 साली मी पहिल्या रकान्यात वर्षभर एकच नाव लिहिलं, रेड बुलचा व्हर्स्टापन. पुढेपुढे तर क्वालिफाइंग बघायच्या आधीच लिहून मोकळी व्हायचे. 22 पैकी 19 बरोबर. जेद्दाला तो पंधराव्या जागेवरून सुटणार होता, तरी हात दुसरं नाव लिहीना. तिथे तो दुसरा आला, म्हणजे फार काही चुकले असंही नाही. चुकले ते जेद्दा आणि बाकू (दोन्हीकडे त्याच्याच टीमचा पेरेझ, म्हणजे गाडी तीच) आणि सिंगापूर. रेड बुलनं वर्षभरात न जिंकलेली एकमेव शर्यत तीच.

मोनॅको 2024 बद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. पहिल्याच लॅपला अपघात, लाल झेंडा, शर्यत थांबली. थांबल्या थांबल्या सगळ्यांनी टायर बदलून घेतले, शर्यतीत एकदा करावाच लागणारा बदल तिथेच उरकला. मग उरलेले 77 लॅप सगळे टायर जपत वरातीसारखे चालले. पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले. एफ-वनच्या इतिहासात असं पूर्वी कधीच झालं नव्हतं, म्हणजे विक्रमच म्हणायचा. वहीत ‘उठले: 9’. आठवड्याची इस्त्री झाली.

आता प्रश्न. ‘ओव्हरटेकिंग नाही म्हणून कंटाळा येतो’ हे उत्तर मी स्वतःला इतकी वर्षं देत आले. परवा वही चाळताना ते जुळेना. 2023 चं बेल्जियमचं स्पा घ्या. व्हर्स्टापन पेनल्टीमुळे सहाव्या जागेवरून सुटला, एकेकाला मागे टाकत पुढे गेला आणि 22 सेकंदांनी जिंकला. ओव्हरटेक हवे तेवढे. ‘उठले: 20’. आणि त्याच वर्षीचं सिंगापूर? फेरारीचा साइन्झ पोलवर (सुटताना पहिल्या जागेवर), साइन्झच विजेता, आघाडीसाठी कुणी कुणाला मागे टाकलं असं झालंच नाही. कागदावर ती मोनॅकोचीच बहीण. पण तिसरा रकाना कोरा. मी हललेच नाही.

मग कंटाळा नेमका कशाचा येतो? ‘बघू नका मग’ असं लिहिणाऱ्यांनी कृपया दुसऱ्या धाग्यावर जावं, तो प्रयोग मी 2015 मध्ये करून बसले आहे.

---

तेलाचा_डाग

ताई, वहीची कल्पना आवडली. आमच्या वेळी असती तर 2002 ला मी वही फाडली असती.

तुमच्या पिढीला (पिढीचं माफ करा, अंदाज आहे) वाटतं की एकतर्फी हंगाम आता निघाले. 2002 ला फेरारीनं 17 पैकी 15 शर्यती जिंकल्या. त्यांचा शूमाखर प्रत्येक शर्यतीत पहिल्या तिघांत. जुलैत फ्रान्सलाच तो जगज्जेता झाला, सहा शर्यती शिल्लक असताना! त्याच वर्षी ऑस्ट्रियात फेरारीचाच दुसरा चालक बारिकेलो अख्खी शर्यत पुढे होता आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला वेग कमी करून शूमाखरला पुढे सोडायला लावलं. लोकांनी पोडियमवर (पहिल्या तिघांच्या मंचावर) हुर्यो उडवली. शूमाखरनं लाजून बारिकेलोला वरच्या पायरीवर उभं केलं, तर त्या पोडियमच्या गोंधळापायी फेरारीला दहा लाख डॉलर दंड झाला. लक्षात घ्या, दंड पायरीचा. जागा सोडायला लावल्याचा नाही, कारण तेव्हा टीमच्या आदेशांना बंदीच नव्हती. ती त्यानंतर आली.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. 1988 ला मॅकलारेननं 16 पैकी 15 जिंकल्या. आकड्यांत 2023 इतकंच रटाळ. कुणी म्हणतं का 1988 रटाळ होतं? नाही, कारण त्यांच्याच दोन चालकांत सेना 8 आणि प्रॉस्ट 7. गाडी एक, पण गॅरेजच्या मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी आग लागलेली. 2016 ला मर्सिडीजनं 21 पैकी 19 जिंकल्या, तरी त्यांच्याच रोझबर्ग आणि हॅमिल्टनमध्ये शेवटी 5 गुणांचा फरक होता. आणि 2023 ला? व्हर्स्टापन 575, पेरेझ 285. त्याच गाडीत बसून निम्म्याहूनही कमी.

म्हणजे कंटाळा एका टीमच्या वर्चस्वाचा नाही, दुसऱ्या गॅरेजमध्ये सामसूम असण्याचा आहे.

अवांतर: 1988 ला मॅकलारेनच्या हातून सुटली ती इटलीतल्या मोंझाची. प्रॉस्टचं इंजिन गेलं, आणि दोन लॅप राहिले असताना पुढे असलेला सेना मागे पडलेल्या श्लेसरच्या विल्यम्सवर आदळला. फेरारी पहिली आणि दुसरी, तीही घरच्या मोंझाला, संस्थापक एन्झो फेरारी जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. असं लिहून दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, भावनेला हात घालू नका.

---

चौथी_रांग

तेलाचा_डाग, पिढीचा अंदाज चुकलाय पण माफ केलं. ऑस्ट्रिया मी पाहिलंय. दादानं टीव्हीवर चप्पल फेकली होती.

दोन गॅरेजचा मुद्दा पटतो, पण त्यानं हंगामाचा कंटाळा समजतो, शर्यतीचा नाही. मोनॅको 2024 चा हंगाम चांगला होता की! सात जणांनी प्रत्येकी दोन किंवा जास्त शर्यती जिंकल्या. चार टीम जिंकत होत्या. तरी त्या रविवारी मी नवव्या लॅपला इस्त्रीला लागले.

---

हवेचा_दाब

धागा बघून राहवलं नाही. हवेच्या प्रवाहांची आकडेमोड हे माझं रोजचं काम, गाड्यांसाठी नाही, पण हवा तीच.

आधी एक साधी गोष्ट, जी कुणी बोलत नाही. शनिवारी आपण सगळ्या गाड्यांना वेगानुसार रांगेत लावतो. सर्वात वेगवान पुढे, सर्वात मंद मागे. रविवारी त्याच क्रमानं त्यांना सोडतो. आणि मग विचारतो की कुणी कुणाला मागे का टाकत नाही! का टाकेल? यादी लावून झालेली असते. शर्यत होते ती त्या यादीत काही बिघडलं तर. पाऊस, चुकीचा टायर, खराब सुरुवात, पेनल्टी. व्हर्स्टापनचं स्पा हे तेच, यादी हातानं बिघडवली, तिनं वीसेक लॅपमध्ये स्वतःला दुरुस्त करून घेतलं. तुम्ही उठलात ते यादी परत लागल्यावर. बघा, लॅप जुळतो का.

आता हवा. पुढची गाडी आपल्या मागे घुसळलेली हवा सोडते. मागच्या गाडीचे पंख त्या हवेत नीट काम करत नाहीत, डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) जातो, वळणावर गाडी घसरते, घसरली की टायर तापतात, तापले की आणखी घसरते. एफ-वननं स्वतः दिलेले आकडे असे: 2021 च्या गाडीचा 20 मीटर मागे असताना 35 टक्के डाउनफोर्स जायचा, 10 मीटरवर 46 टक्के. 2022 ला गाडीच्या तळाखालून डाउनफोर्स काढणारे नवे नियम आले तेव्हा हे 4 आणि 18 टक्क्यांवर आणलं होतं. पहिलं वर्ष खरंच बरं गेलं. मग टीमच्या हुशार मंडळींनी पळवाटा शोधून हवा पुन्हा बाहेरच्या बाजूला फेकायला सुरुवात केली, आणि 2024-25 पर्यंत चालक परत तीच तक्रार करू लागले. नियम लिहिणारे मूठभर, वाचणारे दहा टीमचे शेकडो इंजिनिअर. कोण जिंकणार ते सांगायला वही नको.

डीआरएस हे याच दुखण्यावरचं मलम. 2011 ते 2025. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत आलात की सरळ रस्त्यावर मागचा पंख उघडायचा. त्यानं ओव्हरटेकचा आकडा वाढला पण ती झटापट राहिली नाही, महामार्गावर ट्रकला मागे टाकल्यासारखं झालं. बचाव करणाऱ्याच्या हातात काहीच नसायचं. मोजायचं ते मोजलं गेलं, बघायचं ते हरवलं.

त्यात गाड्या फुगल्या. 2008 ला चालकासकट किमान वजन 605 किलो होतं, 2022 ला 798. रुंदी 2017 ला 1.8 वरून 2 मीटर झाली. मोनॅकोचे रस्ते मात्र तेवढेच. 2026 च्या नियमांत रुंदी 1.9 मीटर आणि वजन 768 किलो केलंय, डीआरएस जाऊन पुढचे-मागचे पंख सरळ रस्त्यावर सगळ्यांनाच हलवता येतात. दहा सेंटिमीटरनं मोनॅको रुंद होणार नाही, एवढं मी आत्ताच लिहून देतो.

---

चौथी_रांग

लॅप जुळतो!! स्पाला तो सतराव्याच्या आसपास पुढे गेला, मी विसाव्याला उठले. तीन लॅप बहुधा आशेचे.

‘यादी’ हा शब्द मी चोरणार आहे.

---

शेपूट

मी 2020 ला बघायला लागलो, त्यामुळे इथे लहानच. पण काकू-काका, तुम्ही सगळे पहिल्या तिघांकडेच का बघता?

मी हंगामाच्या सुरुवातीला मागचा एक चालक निवडतो आणि वर्षभर त्याचीच शर्यत बघतो. टीव्हीवर आघाडीवाला, हातातल्या स्क्रीनवर टायमिंग. दहाव्या जागेला एक गुण मिळतो, अकराव्याला शून्य. तिथे माणसं जिवावर उठतात. 2025 ला माझा होता हुल्केनबर्ग. सिल्वरस्टोनला एकोणिसावा सुटला. पाऊस, सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी गाडी), योग्य लॅपला योग्य टायर, आणि तिसरा! कारकिर्दीतली 239 वी शर्यत आणि पहिला पोडियम. शेवटी हॅमिल्टन मागे होता, फेरारीत, माझ्या तोंडाला कोरड पडली होती. त्या दिवशी कोण जिंकलं हे मला दुसऱ्या दिवशी आठवेना (नॉरिस).

तेव्हा शेपटाकडे बघा. शेपूट हलतं.

---

चौथी_रांग

शेपूट, काकू चालेल.

तुझ्यामुळे वहीचं पहिलं पान परत उघडलं. हुल्केनबर्गची पहिली शर्यत बहारीन 2010. म्हणजे तो आणि माझी वही एकाच दिवशी सुरू झाले. त्याला पंधरा वर्षांनी एक पोडियम मिळाला, मला अजून उत्तर नाही.

सिल्वरस्टोनला मीही हलले नव्हते. पण तू सांगतोस ते करून बघितलंय. मधल्या फळीत लढती असतात, मान्य. माझी अडचण अशी की मला त्यासाठी मुख्य गोष्टीकडे पाठ फिरवावी लागते. लग्नाला जाऊन मांडवाबाहेर चाललेला पत्त्यांचा डाव बघण्यासारखं. डाव रंगतो, नाही असं नाही. पण मी लग्नाला आले होते.

---

दुचाकीवाला

मोटोजीपी (मोटारसायकलींच्या शर्यती) बघा म्हणायला आलो होतो. मग आठवलं की 2024 ला डुकाटीनं 20 पैकी 19 जिंकल्या. एक व्हिन्यालेसनं अप्रिलियावर सोडवली.

आमच्याकडेही पंख आले, मागे राहिलं की पुढच्या टायरचा दाब आणि तापमान चढतं, वर किमान दाबाचा नियम. चालक पुढच्याच्या मागे लागायला बिचकतात. तुमचा रोग आम्हाला लागला. 2027 ला इंजिन 850 सीसीचं, गाडी खाली बसवणारी यंत्रं बंद, पंख छोटे. तोवर वही द्या एक.

---

तेलाचा_डाग

हवेचा_दाब यांचं बरोबर आहे पण अर्धवट. हवा 2005 लाही घाण होती, नव्वदच्या दशकातही होती. फरक दुसराच पडलाय. गाड्या मोडत नाहीत.

2001 बार्सिलोना. हाकिनेन शेवटच्या लॅपला चाळीस सेकंदांनी पुढे. क्लच गेला. गाडी ट्रॅकच्या कडेला, शूमाखर विजेता. 2005 न्यूरबर्गरिंग. राइकोनेनचा पुढचा टायर घासून चपटा झालेला, त्या वर्षी शर्यतीत टायर बदलता येत नव्हते, गाडी इतकी थरथरत होती की टीव्हीवर दिसत होतं. शेवटच्या लॅपच्या सुरुवातीला सस्पेन्शन तुटलं. आणि 1996 चं मोनॅको, ताईंच्या इस्त्रीचा तोच ट्रॅक! ओल्या रस्त्यावर एकेक करत सगळे गेले. हिलचं इंजिन फुटलं, अलेसीचं सस्पेन्शन गेलं, चौदाव्या जागेवरून सुटलेला पानिस जिंकला आणि झेंडा पडला तेव्हा ट्रॅकवर तीन गाड्या धावत होत्या. तीन!

तेव्हा चाळीस सेकंदांची आघाडीही आघाडी नसायची. आता पाच सेकंद म्हणजे निकाल. 2004 पासून एक इंजिन अख्ख्या शनिवार-रविवारला पुरवायचा नियम आला, 2005 ला दोन शर्यतींना, आता तीन-चार इंजिनांत वर्ष काढतात. इंजिनिअर लोकांनी मोडणंच घालवलं. व्हर्स्टापननं 2023 ला 22 पैकी 22 पूर्ण केल्या.

---

हवेचा_दाब

तेलाचा_डाग, हे मान्य करावं लागेल. माझ्या मुद्द्यालाच जोडतो. यादी बिघडायची एक वाट म्हणजे यंत्र, ती आम्ही बुजवली. दुसरी म्हणजे अज्ञान. शुक्रवारचे दोन तास, शनिवारचा एक तास सराव, शिवाय कारखान्यात सिम्युलेटरवर रात्रभर कुणीतरी तीच शर्यत चालवत असतं. रविवारी दुपारी टीमला माहीत असतं की हा टायर साधारण किती लॅप जगेल, थांबल्यावर आपण कुणाच्या पुढे निघू. मग पिटवॉलवरून (ट्रॅकलगतच्या टीमच्या कट्ट्यावरून) चालकाला एकच काम सांगतात, ठरलेल्या वेळेला धरून चल. वेगानं जाऊ नको, टायर जातील. जगातले सर्वोत्तम चालक आणि रेडिओवर ऐकू काय येतं, तर ‘हळू’.

---

गंमतजंमत_नको

मग उपाय काय, उलटी रांग? एफ-टूमध्ये (एफ-वनच्या खालच्या वर्गात) शनिवारच्या छोट्या शर्यतीला पहिले दहा उलटे लावतात. चालतं. पण वर आणलंत तर मी बघायचं सोडेन. वेगवान असल्याची शिक्षा कसली?

मोनॅकोला 2025 मध्ये दोनदा थांबायची सक्ती करून पाहिली. काय झालं? मागच्या टीमनी एका चालकाला मुद्दाम हळू चालवून दुसऱ्यासाठी मोकळी जागा तयार केली. पुढचे चौघे सुटले तसेच पोचले. नियमानं थरार शिजत नाही.

आणि थरारच हवा असेल तर अबू धाबी 2021 आठवा. व्हर्स्टापन आणि हॅमिल्टन दोघं 369.5 गुणांवर बरोबरीत. (तो अर्धा गुण आला स्पाहून. पावसात सेफ्टी कारच्या मागे दोनतीन लॅप फिरवून, शर्यत झाली म्हणून अर्धे गुण वाटले होते. म्हणजे न झालेल्या शर्यतीचा हिशेब शेवटपर्यंत चालू होता.) शेवटी सेफ्टी कार, मागे पडलेल्यांपैकी त्या दोघांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे जायची परवानगी, आणि एका लॅपची शर्यत. थरार होता की नाही? होता. त्यानंतर मला चार दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

---

चौथी_रांग

गंमतजंमत_नको, अबू धाबीसमोर माझ्या वहीत गोंधळ आहे. ‘उठले: 53, पण उभी राहून बघत होते, धरायचं का?’ असं लिहिलंय. मग खोडलंय.

तुमचं म्हणणं मला लागलं. मला थरार नकोच आहे, हे तुमचं वाचताना कळलं. पाचच गाड्या सोडल्या तेव्हा जे वाटलं ते हिशेबात कुणीतरी आकडा बसवलाय हे कळल्यावर वाटतं तसं. बेरीज जुळते आणि पोटात कसंतरी होतं.

काल रात्री बसून तिसऱ्या रकान्याचा हिशेब केला. सगळ्या वर्षांचा नाही, 2021 पासूनचाच. मी कधी उठते? अंतर किती आहे, ओव्हरटेक किती झाले, कोण पुढे आहे, यातल्या कशाशीच तो जुळेना. जुळला तो एका गोष्टीशी. समालोचक जेव्हा ‘इथून पुढे हे असं राहील’ अशा अर्थाचं काहीतरी पहिल्यांदा म्हणतो, त्यानंतर दोनतीन लॅपमध्ये मी उठते. बहुतेक वेळा ते शेवटच्या पिट स्टॉपनंतर असतं. मोनॅको 2024 ला ते आठव्या लॅपलाच म्हटलं गेलं.

आणि सिंगापूरला ते कुणी म्हणूच शकलं नाही. आठवा. व्हर्च्युअल सेफ्टी कार (सगळ्यांनी वेग कमी करायचा इशारा) आली तेव्हा मर्सिडीजच्या दोघांनी नवे मीडियम (जास्त पकडीचे) टायर घातले, साइन्झ आणि नॉरिस जुन्या हार्डवर (कडक टायरवर) बाहेरच राहिले. रसेल आणि हॅमिल्टन लॅपला सेकंदाच्या वर कापत आले. साइन्झचे टायर संपलेले. आणि तो मुद्दाम वेग कमी करून नॉरिसला एका सेकंदाच्या आत ठेवत होता, म्हणजे नॉरिसला डीआरएस मिळावं आणि तो मागच्या रसेलला अडवू शकावा! ज्याच्यापासून पळायचं त्यालाच काठी द्यायची आणि म्हणायचं, माझी पाठ सांभाळ. आधी मला वाटलं तो दमलाय. मग रेडिओवर ऐकवलं तेव्हा उलगडलं. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीवर आदळला. साइन्झ 0.812 सेकंदांनी जिंकला. आघाडी बदललीच नाही, आणि तरी मला शेवटच्या वळणापर्यंत कळत नव्हतं.

म्हणजे हवेचा_दाब, तुमची ‘यादी’ तिथे लागलेलीच होती. पण ती तशीच राहील की नाही हे तिच्यातल्या माणसांनाही माहीत नव्हतं. तेलाचा_डाग यांच्या मोडणाऱ्या गाड्याही त्यातच आल्या. बार्सिलोनाला शेवटच्या लॅपपर्यंत काहीच घडलं नव्हतं ना? पण घडू शकतं हे सगळ्यांना माहीत होतं.

---

तेलाचा_डाग

इमोला 2005. शेवटचे डझनभर लॅप शूमाखर अलोन्सोच्या गिअरबॉक्सला चिकटून. मागे टाकू शकला नाही. 0.215 सेकंद. त्या झुंजीत एकही ओव्हरटेक नाही आणि मी अजून ती शर्यत लोकांना हातवारे करून सांगतो. तुमचं पटलं.

अवांतर: माझा जन्म झाला होता पण टीव्ही नव्हता तेव्हाची, स्पेनमधली हारामा 1981. जिल विलनव्ह वळणावर न वळणारी फेरारी घेऊन पुढे, मागे चौघं जण ओळीत. पहिले पाच 1.24 सेकंदांच्या आत. ते वाचूनसुद्धा हाताला घाम येतो.

---

शेपूट

काकू, मग समालोचन बंद करून बघा ना. कुणी ‘असंच राहील’ म्हणणारच नाही.

---

चौथी_रांग

शेपूट, हा प्रयोग खरंच करणार आहे. स्क्रीनवर ‘इतक्या लॅपमध्ये गाठण्याची शक्यता’ असे टक्के येतात तिथेही कागद चिकटवणार.

---

हवेचा_दाब

एक तपासून सांगाल? मोनॅको 2018. रिकार्डो पोलवरून सुटला आणि जिंकला, मागे फेटेल, मग हॅमिल्टन. पहिली सहा नावं सुटली तशीच पोचली. हॅमिल्टन आणि अलोन्सो दोघांनीही नंतर ती कंटाळवाणी होती म्हणून सांगितलं. पण निम्म्याहून जास्त शर्यत रिकार्डोकडे एमजीयू-केची (इंजिनाला जोड देणाऱ्या विजेच्या मोटरची) वीज नव्हती, म्हणजे सुमारे 160 अश्वशक्ती कमी, आणि तरी त्याला कुणी गाठू शकलं नाही. माझ्या हिशेबानं ती सर्वात वाईट शर्यत, लंगडी गाडीसुद्धा ओलांडता येत नाही याचा पुरावा. तुमचा तिसरा रकाना काय म्हणतो?

---

चौथी_रांग

वही शोधायला वेळ लागला, 2018 ची वेगळी आहे, निळी.

पहिला रकाना: रिकार्डो. दुसरा: रिकार्डो. तिसरा कोरा. समासात पेन्सिलीनं ‘पॉवर गेली म्हणतोय. बघू.’ आणि त्याखाली लॅपचे आकडे एकाखाली एक, 40, 50, 60, 70, 75, प्रत्येकासमोर ‘अजून आहे’.